साइड क्वेस्ट: कोणती घ्यायची, कोणती सोडायची

मला रोज खेळायला जेमतेम दीड तास मिळतो. दिवस जिल्हा बँकेच्या काउंटरवर जातो, घरी आलं की स्वयंपाक, आणि सासूबाईंची शेवटची मालिका संपली की टीव्ही माझ्या ताब्यात. एवढ्यात ‘द विचर ३’सारखा शंभर तासांचा गेम खेळायचा तर वाटेत भेटेल त्याचं जोडकाम, म्हणजे साइड क्वेस्ट, अंगावर घेणं परवडत नाही. पण नुसती मुख्य कथा धरून पळत सुटलं, तर अशा गेममधला अर्धा रस बाजूलाच राहतो. माझा भाचा म्हणतो, “मावशी, एवढा विचार कशाला करतेस? सगळं शंभर टक्के कर.” तो अकरावीत आहे. त्याला उन्हाळ्याची सुट्टी असते.

ज्यांना ती नसते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

काम काय आहे ते बघू नका

“दहा अमुक आणून दे” असं कुणी म्हटलं की मुरलेले खेळाडू नाक मुरडतात. मला ते पटत नाही. दोन गेम शेजारी ठेवून बघू, दोन्हींत मागणी दहाचीच आहे.

‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ (२०१४) मध्ये सुरुवातीलाच हिंटरलँड्स नावाचा अवाढव्य डोंगराळ मुलूख लागतो. युद्धामुळे परागंदा झालेली माणसं तिथे उपाशी आहेत, म्हणून तुम्हाला सांगितलं जातं की एडके मारून दहा वाटे मटण आण. तुम्ही टेकडीवर जाता, एडके मारता, मटण पोचवता. तुमच्या संघटनेची ताकद आणि दबदबा आकड्यांत थोडा वाढतो. झालं. ज्यांनी मटण खाल्लं त्यांच्यातल्या एकाचंही नाव लक्षात राहत नाही. तोवर दुसरा कुणी पांघरुणं मागतो, तिसऱ्याला औषध हवं असतं, टेकडीटेकडीवर चमकणारे तुकडे वेचायचे असतात. ही किराणामालाची यादी आहे, आणि दुकान चार डोंगर पलीकडे. कित्येकांनी तो गेम या मुलखातच कंटाळून ठेवून दिला. गेम बाजारात आला तेव्हा नव्या खेळाडूंना हमखास मिळणारा सल्ला एकच होता: आधी हिंटरलँड्समधून बाहेर पड. पुढचा गेम खरंच चांगला आहे, त्यामुळे सल्ला रास्त होता.

आता ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७). हातेनो गावात तुम्ही घर विकत घेता, तिथे बांधकाम कंपनीचा हडसन नावाचा कामगार भेटतो. मालक त्याला दूर अक्काला प्रांतात धाडतो. तुम्ही तिथे पोचता तेव्हा तळ्यातल्या एका उजाड उंचवट्यावर तो एकटाच दगड फोडत असतो. गाव वसवायचंय म्हणतो. दहा मोळ्या लाकूड आण.

कुऱ्हाड घ्यायची, झाडं तोडायची. मटणापेक्षा यात कसलंही जास्त डोकं लागत नाही. पण दहा मोळ्या टाकल्या की हडसन म्हणतो, आता दगड फोडायला गोरॉन जमातीतला कुणीतरी हवा, आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘सन’ असायला हवं, कारण कंपनीचा नियमच तसा आहे. तुम्ही ज्वालामुखीच्या मुलखात जाऊन ग्रेसन शोधून आणता. मग वीस मोळ्या, आणि गेरुडो वाळवंटातली शिंपीण, ऱ्हॉन्डसन. मग तीस मोळ्या, आणि रिटो पक्ष्यांतला एक व्यापारी, फायसन. शेवटी पन्नास. हडसनचं त्या शिंपिणीशी लग्न ठरलेलं असतं, आणि लग्न लावायला कुणीतरी हवं म्हणून झोरा लोकांतला म्हातारा कॅप्सन आणायचा.

एकूण ११० मोळ्या. कागदावर यापेक्षा रटाळ काही असू शकत नाही. पण दर खेपेला परत येता तेव्हा एक घर वाढलेलं असतं, एक दुकान उघडलेलं असतं, आणि गावाच्या पार्श्वसंगीतात नव्या रहिवाशांच्या मुलखातला सूर मिसळलेला असतो. पहिल्या खेपेला जिथे हडसन आणि माळरान एवढंच होतं, तिथे तुम्ही लग्नाला उभे असता. बाजूला मुलं खेळताहेत, रत्नांचं दुकान आहे, मुक्कामाला सराई आहे. यातल्या प्रत्येकाला आपण कुठून आणलं हे तुम्हाला पाठ असतं.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी: पहिली खेप टाकून बघा. काम देणाऱ्याकडे परत गेल्यावर त्याच्यात, त्याच्या घरात, रस्त्यात काही हललेलं दिसतं का? दिसलं तर पुढची खेप घ्या, मग ती पन्नास मोळ्यांची का असेना. पैसे, पॉइंट आणि “धन्यवाद, वीरा” एवढंच हाती पडलं, तर त्या माणसाची उरलेली कामं तशीच राहू द्या. तो रागावत नाही.

पहिल्या दोन मिनिटांत काय ऐकायचं

परत जाऊन बघण्याइतकाही वेळ नसेल तर सुरुवातीच्या संवादावरून बरंच कळतं. ‘विचर ३’ (२०१५) मधला पहिलाच मुलूख व्हाइट ऑर्चर्ड घ्या. तिथे एक म्हातारी बंद झोपडीपाशी उभी असते. झोपडी तिने एका परक्या पाहुण्याला दिली होती, तो दार उघडत नाही आणि हिची कढई आत अडकली आहे. युद्ध चाललंय, गावं जळताहेत, नायक गेराल्ट आपल्या माणसाचा माग काढत निघालाय, आणि म्हातारीला कढई हवी आहे. गेराल्ट आत जातो तर प्रेत पडलेलं, काही जळके कागद, एका डोळ्याचा चष्मा. आणि कढई? लख्ख. कुणीतरी तिची काजळी खरवडून तिची शाई केलेली. आत राहणारा माणूस काय लिहीत होता, कुणासाठी, ते जाळावं का लागलं, हे तुम्ही स्वतःच जुळवत बसता. म्हातारी मात्र कढई इतकी स्वच्छ कशी झाली याच आश्चर्यात. बक्षीस नगण्य, वेळ फार तर पाच मिनिटं.

इथे ऐकण्यासारखं काय होतं? म्हातारीने मागितलेली वस्तू तिची होती, तिच्याच आयुष्यातली. “या भागात राक्षस माजलेत, पाच मार” हे वाक्य कुणाच्याही तोंडी घालता येतं. कढई त्या म्हातारीलाच हवी असते. मागणी दुसऱ्या कुठल्याही पात्राच्या तोंडी चालेल अशी वाटली की मी सरळ ‘निघतो’चा पर्याय निवडते.

त्याच गावाजवळ ओडोलान नावाचा शेतकरी आहे. त्याची मुलगी आजारी आहे, तिला चांगलं पाणी हवं, आणि चांगली विहीर ओसाड वाडीत आहे जिथे भर दुपारी काहीतरी दिसतं. आपल्याकडे कुठल्याही आजीने हेच सांगितलं असतं: दुपारी बाराला विहिरीवर जायचं नाही. ही भीती पोलंडच्या बाजूलाही आहे, गेम तिथलाच. हे काम घेतलंत तर ते असं खेळा: आधी मोबदल्यावर घासाघीस करा, गेम तशी मुभा देतो. मग वाडीत गेल्यावर लढायची घाई करू नका. सापडलेली डायरी तिथेच वाचा, बॅगेत टाकून पुढे जाऊ नका. ती बाई कोण होती, तिचं काय झालं, विहिरीच्या तळाशी तिचं कंगन का आहे, हे कळलं की पाण्यात उडी मारण्याला अर्थ येतो. शेवटी लढताना यर्डेन या जादूच्या सापळ्याचं वर्तुळ जमिनीवर टाका आणि तिच्या भुताला त्यात ओढा. बाहेर ती धुरासारखी असते, तलवार नीट लागत नाही.

डायरी न वाचता, संवाद पुढे ढकलत खेळलात तर हीच क्वेस्ट म्हणजे ‘लाल रेघेमागे जा, वस्तू उचल, भूत मार’. मग कंटाळा आला म्हणून गेमला नावं ठेवता येत नाहीत. उलट, खरोखर मन लावून ऐकायला बसलात आणि तरीही बोट स्किपच्या बटणाकडे जात राहिलं, तर ती क्वेस्ट तिथेच सोडा.

मॅप गप्प करा

विचरमध्ये गावातल्या नोटीस बोर्डावर नजर टाकली की आजूबाजूची प्रश्नचिन्हं मॅपवर उगवतात. स्केलिगे बेटांवर पोचेपर्यंत ती समुद्रभर पसरलेली असतात. त्यातली बरीचशी म्हणजे तस्करांनी दडवलेला माल: होडी हाकत जा, वरून झडप घालणाऱ्या सायरन राक्षसिणी क्रॉसबोने पाडा, बुडी मारा, पिंपं उघडा. आत सटरफटर तलवारी, विकायला. मग भारापायी गेराल्टला धावता येत नाही. हे पुन्हा पुन्हा, समुद्र संपेपर्यंत. तिथे गोष्ट नाही, माणूस नाही. तरीही लोक सगळी चिन्हं पुसतात, कारण ती दिसतात आणि डोळ्यांना खुपतात.

उपाय सोपा आहे. मॅपचा फिल्टर बदला. २०२२च्या डिसेंबरात आलेल्या मोठ्या अपडेटपासून तर प्रश्नचिन्हं लपवणारा फिल्टर आपोआपच लागलेला असतो. पिवळी उद्गारचिन्हं आणि नोटीस बोर्ड राहू द्या, बाकी झाकून टाका.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधल्या कोरोक या छोट्या वनजीवांकडून मिळणाऱ्या बियांचंही तेच. त्या ९०० आहेत. दगड उचलला की खालून एक कोरोक निघतो, झाडाच्या शेंड्यावर एक, तळ्यातल्या कमळांच्या वर्तुळात एक. वाटेत सापडतात तेव्हा गंमत वाटते, यादी घेऊन वेचायला निघालात की गंमत संपली. बॅग पूर्ण मोठी करायला ४४१ पुरतात. नऊशेच्या नऊशे जमवणाऱ्याला बक्षीस म्हणून सोनेरी शेणाचा गोळा मिळतो, हे मी थट्टेने सांगत नाही. गेम बनवणाऱ्यांनीच ती थट्टा केली आहे, आणि मला ती प्रामाणिक वाटते.

कधी करायची

विचरमध्ये प्रत्येक क्वेस्टसमोर लेव्हल लिहिलेली असते. तुम्ही तिच्या सहा लेव्हल पुढे गेलात की ती करडी पडते आणि अनुभवाचे गुण जवळजवळ मिळत नाहीत. म्हणून ‘आवडलेली नंतर निवांत खेळू’ असं करू नका. जी आवडली ती आधी.

शिवाय मुख्य कथा काही ठिकाणी मागचे दरवाजे लावते. ‘आइल ऑफ मिस्ट्स’ या बेटाकडे निघालात की व्हेलेन आणि नोव्हिग्राडमधली काही महत्त्वाची अर्धवट कामं कायमची फसतात. म्हणून कुठलाही मोठा गेम सुरू करताना मी इंटरनेटवर एकच गोष्ट शोधते: यात काय हातचं जाऊ शकतं. बाकी एक ओळही वाचत नाही.

या बाबतीत सगळ्यात दुष्ट उदाहरण जुन्या ‘फायनल फँटसी १२’ (२००६) चं. त्यातला एक जबरदस्त भाला सहज हवा असेल तर गेमभर चार ठरावीक पेट्या उघडायच्या नाहीत. त्यातली एक अगदी सुरुवातीच्या शहरात, ओल्ड डालनच्या घराबाहेर. हे गेम कुठेही सांगत नाही. पेटी दिसली की उघडायची हे आयुष्यभर शिकवायचं आणि मग त्याचीच शिक्षा द्यायची! २०१७ साली आलेल्या नव्या रूपात ही अट नाही, ते बरं केलं.

‘मॅस इफेक्ट २’ (२०१०) मात्र हे नीट करतो. जहाजावरच्या प्रत्येक साथीदाराचं एक खासगी काम असतं, आणि ते तुम्ही केलंत की नाही यावर शेवटच्या मोहिमेत कोण जगतं ते बरंच ठरतं. त्यात आणखी एक मेख आहे. एका टप्प्यावर जहाजावरची माणसं पळवली जातात, त्यानंतर उशीर केलात, बाजूची कामं उरकत बसलात, तर त्याची किंमत ती माणसं मोजतात. म्हणून साथीदारांची कामं लवकर उरकून घ्या, ‘आता आणखी कशाला, आधी सगळ्यांना सोडवू’ असं वाटायच्या आत. एरवी जग बुडायला आलेलं असताना नायक पत्ते खेळत बसतो आणि कुणाला काही वाटत नाही, हे दुखणं इतकं जुनं आहे की आपण ते पोटात घातलंय.

वही ठेवा

आठवड्यात दोन रात्री वर्ष-अखेरीच्या कामात गेल्या की मला आठवत नाही आपण कुणासाठी काय शोधत होतो. म्हणून टीव्हीखाली वही असते. एका क्वेस्टला एक ओळ: कुणी, काय, कशासाठी. ‘एल्डन रिंग’ (२०२२) ला तर तिच्याशिवाय हातच घालू नका. त्यात कामांची यादीच नाही. एखादी बाई भेटते, कोड्यात चार वाक्यं बोलते, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या टोकाला उभी असते. मार्च २०२२च्या अपडेटने भेटलेल्या माणसांची खूण मॅपवर ठेवायची सोय केली, पण ती काय म्हणाली हे वहीलाच माहीत. मला हा प्रकार आवडतो, मात्र थकल्या रात्री नाही.

थकल्या रात्रींसाठी ‘याकुझा झीरो’. १९८८ सालचं टोकियो, रस्त्यावरून नुसतं चालायचं, उपकथा आपोआप येऊन आदळतात. एका पोराने नुकताच घेतलेला नवा व्हिडिओ गेम कुणीतरी हिसकावून नेतो. आपला धिप्पाड, कपाळाला आठ्या असलेला नायक किर्यू त्याच्या मागे लागतो, तर चोराला आधीच दुसऱ्या चोराने लुटलेलं असतं. शेवटी गेम कुणाकडे निघतो ते सांगत नाही. वीस मिनिटांत हसायला येतं, चुटपुट लागते, आणि मुख्य कथेला धक्का लागत नाही. झोपायच्या आधी टेलिफोन बूथ गाठा, सेव्ह तिथेच होतं.

छळ आणि छळ

अवघड असणं हा दोष नाही, फसवं असणं हा आहे. ‘हॉलो नाइट’ (२०१७) मध्ये एक शोकाकुल म्हातारी एक नाजूक फूल देते आणि राणीच्या बागेतल्या एका थडग्यावर ठेवायला सांगते. वाटेत एकदा जरी मार बसला तरी फूल गळतं. प्रवासाच्या स्टॅग या वाहनावर बसायचं नाही, स्वप्नदाराच्या जादूने एका क्षणात दूर पोचायचं नाही, सगळं अंतर पायी. माणसं या क्वेस्टवर बोटं मोडतात. पण नियम तिने आधी सांगितलेले आहेत, आणि त्या नियमांतच मार्ग आहे: फूल घ्यायच्या आधी संपूर्ण वाट चालून शत्रू मारून साफ करा, मग बाकावर न बसता म्हातारीकडे परत या. बाकावर बसलात की मेलेले उठतात. मग फूल घ्या आणि सावकाश निघा. तुम्हाला माहीत असलेला सगळा नकाशा त्या फेरीत वेगळा दिसतो, दर वळणावर श्वास अडकतो. मुखवट्याचा एक तुकडा मिळतो. तो नसता दिला तरी मी केली असती.

याच्या उलट ती क्वेस्ट, ज्यात एखाद्याला सोबत करायची असते, आणि तो तुमच्या चालण्यापेक्षा जलद पण धावण्यापेक्षा मंद जातो, आणि वाटेत लांडगा दिसला की हातात सुरी घेऊन स्वतःच पुढे होतो. तो मेला की तुम्ही हरलात. यात खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. दुसऱ्यांदा मेला की मी त्याच्या नशिबावर सोडते.

‘स्कायरिम’मधल्या आपोआप तयार होणाऱ्या कामांचा तर अंतच नाही, शब्दशः. तेच वाक्य, फक्त गुहेचं नाव बदललेलं. तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकू आलं की समजा, पुढे लिहिणारा माणूस नाही.

अर्धवट राहिलेल्या क्वेस्ट यादीत लोंबकळत असतात, त्यांचं काय करायचं? काही नाही. भाच्याला ती यादी रिकामी लागते, त्याशिवाय झोप येत नाही म्हणतो. मी विचर संपवला तेव्हा माझ्या यादीत खजिन्यांचे डझनभर नकाशे पडून होते.

आणि विचर संपवलात तर तूसाँला जाच, म्हणजे २०१६ची ‘ब्लड अँड वाइन’ ही जोडकथा; साधारण ३४ लेव्हलला ती जमते. तिथल्या बोक्लेर शहरात चानफानेल्ली बँक आहे. गेराल्टचे तिथे पैसे आहेत, पण खातं गोठवलेलं, कारण बँकेच्या दप्तरी तो मेलेला आहे. समोर उभा आहे, बोलतोय, पाठीवर दोन तलवारी आहेत, पण ए-३८ नावाचं परवानापत्र हवं. ते या खिडकीवर नाही, त्या खिडकीवर. तिथे रांग. नोव्हेंबरात आमच्याकडे हयातीचे दाखले द्यायला पेन्शनर येतात तेव्हा काचेच्या या बाजूला मीच असते, त्यामुळे ही क्वेस्ट खेळताना मला नक्की कुणाची बाजू घ्यावी हेच कळेना. माझं म्हणणं, तिथे रांगेत नीट उभे राहा, घुसू नका, आणि प्रत्येक खिडकीवरचं बोलणं पूर्ण ऐका. लिहिणाऱ्याने बँकेत खरंच ताटकळून काढलेलं असणार.

भाच्याने ती अर्ध्यात टाकली. “मावशी, यात मारामारी कधी येते?” म्हणाला. म्हटलं, मार्चअखेरीला एक दिवस येऊन बस माझ्या शेजारी काउंटरवर, मग सांगते कधी येते.